पाहुण्याचं ताट

रुपाताई जेवायला बसण्याआधी रोज एक ताट जास्तीचं वाढत. लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आल्या तेव्हाच सासूबाईंनी हा नेम लावून दिला होता. दारात कुणी आलं तर ते ताट त्याचं, कुणी नाही आलं तर गाईचं. पाहुणा आला तर तो उठेपर्यंत आपण घास घ्यायचा नाही. आणि ताटाला नाव द्यायचं नाही. नाव घेऊन रिकाम्या पाटापुढे ताट मांडतात ते फक्त गेलेल्या माणसांसाठी.

शहाद्याच्या कॉलेजात गणित शिकवताना हा नेम चुकला नाही. नवापूरच्या डोंगरात, केवडीपाड्यावर शिबिर घेऊन आल्या तेव्हाही त्यांनी पहिल्या दिवशी आधी तो जादाचा पाट मांडला, मग चूल पेटवली.

शिबिराची कल्पना त्यांचीच. वेगवेगळ्या शाखांची चार हुशार पोरं एकत्र आणायची आणि खालच्या नाल्याचं पाणी सौरपंपाने वर पाड्यावर चढवायचं. बांधकामाचा उदेसिंग अक्कलकुव्याकडचा. विजेची एस्तेर नवापूरची. संगणकाचा वीरसिंग धडगावचा. आणि यंत्रांचा हेमकांत, रुपाताईंच्या सख्ख्या भावाचा मुलगा; आत्याला तो फुई म्हणायचा.

ती चौथी जागा खरं तर योहानची होती. केवडीपाड्याचाच पोरगा, इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेला. निवड झाल्याचं त्याला कळवूनही झालं होतं. मग भावजयीचा फोन आला, "हेमू वरीसभर घरमाच बशेल शे, ताई. काहीतरी करा." रुपाताईंनी दोन दिवस देवापुढे बसून काढले आणि योहानला सांगितलं की जागा भरल्या, पुढच्या वेळी बघू.

"बरं, मॅडम," तो म्हणाला. जाता जाता म्हणाला, "टाकी भरली की पंप आपोआप बंद झाला पाहिजे. नाहीतर उतारावरच्या घरांत पाणी शिरेल. तेवढं बघा."

तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर कितीदा तरी वाटलं.

शिबिर सुरू होऊन आठवडा झाला नसेल, तोच भर दुपारी एक बाई शिबिर उतरलेल्या शाळेच्या खोलीच्या दारात आली. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. योहानची आई, मंगळीबाई.

"योहान कुठं हाय, मॅडम? तुमच्या शिबिराला निवड झाली सांगून गेला. आधी शहाद्याला जातो म्हनला. आता काम तर हितंच चालू हाय, आन् घरी येत नाय?"

रुपाताईंच्या हातातला डाव आमटीतच राहिला. पोराने आईला नकाराचं सांगितलंच नव्हतं. खरं बोलायचं तर त्याची जागा कुणाला दिली तेही सांगावं लागलं असतं, आणि हेमकांत तर कोपऱ्यात बसून कांदा फोडत होता.

"नाल्यावर आहे कामाला, मावशी. येईल जेवायला," त्या हळूच म्हणाल्या. मंगळीबाईची नजर हलेना, तेव्हा त्यांनी पाहुण्याच्या पाटाकडे बोट केलं. "हे बघा, योहानचं ताट. वाढून ठेवलंय."

मंगळीबाईने वाकून ताटात पाहिलं आणि ती हसली. "मिरची कशाला वाढली? खात नाय तो. उचलून डाव्या कडेला ठेवील, बघा."

"नंदुरबारना पोऱ्या आन् मिरची खात नही?" हेमकांत म्हणाला. ती भाकरी ठेवून गेल्यावर त्याने विचारलं, "कोन योहान, फुई?"

"जेव तू."

जेवणं आटोपल्यावर रुपाताई गाईला ताट घालायला उठल्या. ताट रिकामं होतं. मिरची तेवढी डाव्या कडेला ठेवलेली. शेजारी फडकं मोकळं पडलं होतं, त्यात भाकरी नव्हती. पाड्यावरची पोरं शाळेत येत-जात असतात, असं त्यांनी मनाला सांगितलं आणि ताट स्वतःच घासलं.

त्या दिवसापासून गाईला ताट उरलं नाही.

काम भराभर पुढे सरकत होतं. एकदा जेवताना एस्तेर म्हणाली, "सिमेंटवाल्या, घसरणीवर पाइपाखाली दगड रचलेस ते बरं केलंस. मला वाटलेलं पहिल्याच धक्क्याला निसटणार."

"मी नाही रचले. हेमकांतने असतील," उदेसिंग म्हणाला.

"मन्हं काम नही ते," हेमकांत घास चावत म्हणाला. "दगड दिखना का सिमेंटवाल्यानंच काम समजानं."

सगळे हसले. कुणाला त्यात नवल वाटलं नाही. चार शाखांची माणसं एकत्र राबतात तेव्हा आपल्याला न कळणारी गोष्ट दुसऱ्याच्या विषयातली असणार असं जो तो धरून चालतो.

मग टाकीत तो डबा दिसला. तेलाचा जुना काळा प्लास्टिकचा डबा, नायलॉनच्या दोरीने बांधलेला. पाणी चढलं की तो वर यायचा, वरची कळ दाबली जायची आणि पंप थांबायचा. एस्तेरला वाटलं वीरसिंगने केला. वीरसिंगला वाटलं एस्तेरने. दोघं एकमेकांची तारीफ करत राहिले.

रुपाताई मात्र शिडीवरून उतरल्या त्या थेट पाड्यामागच्या खडकावर गेल्या. फोनला रेंज फक्त तिथेच यायची. योहानचा फोन बंद होता. त्या रोज तिथे जाऊ लागल्या. तू ये, मी हेमकांतला परत पाठवते, एवढंच सांगायचं होतं. फोन रोज बंदच लागायचा.

पाणी वर आलं त्या सकाळी सगळा पाडा टाकीपाशी जमला. बायांनी हंडे मांडले. उदेसिंगच्या डोक्यावर कुणीतरी तांब्याभर पाणी ओतलं. मंगळीबाई शिडी चढून टाकीत डोकावली, हात आत घातला आणि त्या डब्याची दोरी बोटांनी चाचपून पाहिली.

"ही जाळ्याची गाठ," ती म्हणाली. "माझ्या मालकाची, होळ्याची. मरायच्या आधी पोराला तेवढीच शिकवून गेला." खाली उतरून तिने रुपाताईंचा हात धरला. "चांगलं काम करून घेतलं पोराकडून. फक्त घरी आला की बोलत नाय."

"घरी येतो?"

"येतो की. सांजेला. उंबऱ्यावर बसतो. अंग ओलं असतं. जेव म्हनलं तर मान हलवतो. तुमच्याकडं जेवलेला असतो ना."

रुपाताई खडकाकडे निघाल्या. खडकावर पाय ठेवताच हातातला फोन वाजला. योहानचंच नाव.

"बहनजी," गुजरातकडच्या हिंदीत कुणीतरी बोलत होतं, "ये फोन पानी में गिरा था. आज चालू हुआ. आपके बहुत कॉल दिख रहे हैं. लडका आपका था?"

था, तो माणूस म्हणाला. कारखान्याची टाकी साफ करायला उतरला होता. नवा होता, गाव कुणाला माहीत नव्हतं. वाट पाहिली, कुणी आलं नाही, म्हणून तिकडेच मूठमाती दिली.

"केव्हा?"

त्याने दिवस सांगितला. शिबिराची पहिली चूल पेटली, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट.

रुपाताईंना ताट आठवलं. त्यांनी स्वतःच्या तोंडाने नाव घेतलं होतं.

त्या मंगळीबाईच्या घरी गेल्या. ती अंगण झाडत होती. उंबऱ्याच्या एका बाजूला जमीन ओली होती.

"मावशी, योहान इथे नव्हताच. मी खोटं बोलले."

मंगळीबाईने झाडू थांबवला. उंबऱ्याकडे पाहिलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "ऐकतो तो."

रुपाताईंनी हातातला फोन पदराखाली झाकला. अंगण झाडून झाल्यावर मंगळीबाईनेच विचारलं.

"तुमचं शिबिर तर सरलं. आता तो जेवनार कुठं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी रुपाताई ब्राह्मणपुरीच्या आपल्या स्वयंपाकघरात होत्या. नेम मोडायचा नव्हता. त्यांनी पाट मांडला, ताट वाढलं, उजवीकडे भाजीशेजारी मिरची ठेवली, नाव घेतलं नाही. देवाला हात जोडायला मान वळवली तेवढीच.

भात तसाच होता. भाजी तशीच होती. वाफही अजून निघत होती.

मिरची डाव्या कडेला होती.

रुपाताईंनी आपलं ताट बाजूला सारलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. पाहुणा अजून उठला नव्हता.