सव्वादोनची बांगडी

प्रयोगशाळेतल्या काचेच्या पात्रात भागीरथीबाई कासारांनी उजवा हात मनगटापर्यंत बुडवला. जेवढा हात, तेवढे पाणी बाहेर. या सूजमापी यंत्राचे तत्त्व इतके साधे होते, की डॉ. शर्वाणी गोगटे ते कुणालाही दोन वाक्यांत समजावून देत असे.

पडद्यावर आकडा उमटला : तीनशे एक मिलिलिटर. चार वर्षांपूर्वी तो तीनशे बासष्ट होता. संधिवाताच्या चाळीस हजार रुग्णांमधला हा सर्वांत देखणा आलेख उद्याच्या परिषदेत दाखवायचा होता. म्हणून तर बाईंना मुद्दाम बोलावले होते.

"सूज नाही. कुपी बंदच राहील," विभागप्रमुख डॉ. निंबाळकर समाधानाने म्हणाले.

दंडात बसवलेली औषधकुपी सूजमापीच्या आज्ञेनेच उघडत असे. आकडा वाढला तर औषध, घटला तर नाही. रुग्णाच्या तक्रारीला त्या सूत्रात शून्य वजन होते. वेदना मोजता येत नाही, हे कारण शर्वाणीनेच लेखी दिले होते.

भागीरथीबाईंनी पिशवीतून काचेची बांगडी एका बोटात अडकवून काढली. "ताई, जन्मभर बायकांना बांगड्या भरल्या मी. माझा हात सव्वादोनचा. आता ही अडीचची चढवून दाखवा."

बांगडी बोटांच्या मुळांशी, सांध्यांवर अडली. शर्वाणीने किंचित जोर देताच बाईंनी श्वास रोखला.

"आधी का नाही सांगितलंत?"

"दर खेपेला सांगितलं. तुमची माणसं लिहून घ्यायची अन् म्हणायची, यंत्र काय खोटं बोलतंय?"

यंत्र खोटे बोलत नव्हते. शर्वाणीने बांगडी टेबलावर ठेवली आणि हात दिव्याखाली धरला. सांधे टरटरून फुगलेले. पण पंज्यावर हाडांच्या मधे खोल खाचा पडलेल्या, आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा पार सपाट.

"सर, सुरुवातीला यांची सूज किती धरली होती आपण?"

"तीस मिलिलिटर."

"मग एकसष्ट कुठून कमी झाले?"

निंबाळकरांनी चष्मा काढला. "स्नायू," ते म्हणाले.

"हात झिजला, म्हणून पाणी कमी सांडलं. पाणी कमी, म्हणून औषध बंद. औषध बंद, म्हणून आणखी झीज. आणि ती आपण सुधारणा म्हणून नोंदवली."

तिने संगणकाला एकच प्रश्न विचारला : मूळ सुजेपेक्षा जास्त घट कितीजणांत? अकरा हजार नावे आली.

"ही तर उद्याची यादी आहे," निंबाळकर पुटपुटले. "उत्कृष्ट प्रतिसादाची."

"मग उघडा की कुपी," भागीरथीबाई म्हणाल्या.

"उघडते. दाह थांबेल." पुढचे वाक्य शर्वाणीला टाळता आले नाही. "सुजेखाली झिजलेले सांधे मात्र भरून येत नाहीत."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. "माझं नाव कितवं यात?"

"पहिलं."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि बांगडी उचलण्यासाठी बोटे मिटू लागल्या. बोटे अर्ध्यावरच थांबली.