चाळीस थेंब

चार वाजता तात्यांच्या मुलीला नर्सिंग कॉलेजातून काढून टाकणार होते. तीन वाजता तात्या हॉस्पिटलच्या जिन्यात पाय आपटत उभे होते.

"एकेकाला धरून बडवतो," ते म्हणाले.

"बडव. पण आधी मला विचारू दे," आक्का म्हणाल्या.

आक्का त्यांची थोरली बहीण. तीस वर्षं परिचारिका होत्या, आता खासगी तपास करायच्या. तात्या त्यांची गाडी चालवायचे आणि हमखास चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे.

मुलगी बाकावर बसली होती. रडून नव्हे, रागाने तिचे डोळे लाल झाले होते.

"आत्या, दहा वाजता मी व्हँकोमायसिनची बाटली लावली. जंतुसंसर्गावरचं औषध. ते शिरेतून सावकाशच द्यायचं असतं. मिनिटाला चाळीस थेंब मोजले. बाटलीला चिकटपट्टी लावून वेळा लिहिल्या, शेवटची अकरा चाळीस. लगेच इन्चार्ज सिस्टरनी मला पलीकडच्या खोलीत चादरी बदलायला पाठवलं. दहा पंचविसाला आरडाओरडा ऐकून धावत आले तर पेशंट लालबुंद! आता सगळे म्हणतात, काम उरकायला मीच बाटली सुसाट सोडली."

"मी नसताना पोरीवर खापर फोडतात!" तात्या गरजले.

"तू असतास तरी फोडलंच असतं," आक्का म्हणाल्या आणि वॉर्डात शिरल्या.

रुग्ण आता बरा होता. औषध सुरू झालं तेव्हा त्याला झोप लागली होती, त्यामुळे कोण आलं-गेलं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"खाजेनं जागा झालो. तोंड, मान, छाती पेटल्यासारखी. तासाभरात उतरलं."

"श्वास कोंडला? ओठ सुजले?"

"छे. श्वास व्यवस्थित होता."

तरुण डॉक्टर घाईत होता. "मी पोचलो तेव्हा बाटली रिकामी होती. पण माझ्या मते ही त्या औषधाची ॲलर्जी. नाहीतर काल सकाळी दिलेली जंताची गोळी बाधली."

"हाच तो!" तात्या आक्कांच्या कानात म्हणाले. "गोळी यानंच दिली."

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

इन्चार्ज सिस्टर टेबलाशी ताठ बसल्या होत्या. "शिकाऊ मुलींच्या मागे डोळ्यांत तेल घालून फिरावं लागतं. पट्टी मी स्वतः वाचली होती. बाटली अकरा चाळीसपर्यंत चालायला हवी होती. मग मी औषधांच्या कपाटाकडे गेले. त्या कॉटकडे फिरकलेच नाही."

"तुम्ही त्या वेळी कुणाशी बोललात?"

"फक्त एक्स-रेवाल्यांशी, फोनवर. त्यांचं काय, रोजचीच कटकट."

एक्स-रेचा तंत्रज्ञ खरंच कटकट्या निघाला. "बाटली लावलेला पेशंट मी आत घेतच नाही. यंत्र अकराला दुरुस्तीला जाणार होतं. त्या पेशंटचा फोटो राहिला होता, म्हणून दहा वाजून पाच मिनिटांनी फोन करून ओरडलो. सिस्टर म्हणाल्या, साडेदहाला मोकळा करून पाठवते. पाठवला कुठे?"

"हा तर सगळ्यांवरच ओरडतो," तात्या म्हणाले. "याच्यावर लक्ष ठेवायला हवं."

"तू गाडीवर लक्ष ठेव," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता.

चारला प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. आक्का बसल्या नाहीत.

"जंताची गोळी कालची. ती घेऊन माणूस दिवसभर आणि रात्रभर सुखात होता. आज औषध सुरू झाल्यावर पंचवीस मिनिटांत चेहरा, मान, छाती लाल झाली, खाज सुटली, पण श्वासाला त्रास नाही, सूज नाही, आणि औषध थांबल्यावर तासाभरात सगळं शांत. व्हँकोमायसिन फार वेगात गेलं की असंच होतं. शंभर मिनिटांची बाटली पंचवीस मिनिटांत रिकामी झाली! म्हणजे थेंबांचा वेग ठरवणारी नळीवरची चकती कुणीतरी पूर्ण उघडली. पोरीनं? ती चादरी बदलत होती, आणि तिला घाई कसली? घाई होती एक्स-रेची. बाटली अकरा चाळीसला संपणार हे ठाऊक असूनही दहा वाजून पाच मिनिटांनी जिने साडेदहाचा शब्द दिला, तिला ती आधी संपवायचीच होती."

सगळ्यांचे डोळे इन्चार्ज सिस्टरकडे वळले.

"साधं सलाइन आम्ही रोज असंच पळवतो," त्या पुटपुटल्या. "हातच तसा वळला. कुठलं औषध आहे ते ध्यानातच आलं नाही."

"ती चूक समजते मला," मुलगी म्हणाली. "पण माझं नाव का घेतलंत?"

"दुसऱ्या कॉलेजात जाऊन तुझं एकच वर्ष गेलं असतं. माझी नोकरी गेली असती."

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खुर्ची मागे ढकलली.

प्राचार्या घाईघाईने म्हणाल्या, "ठीक आहे, मुलीवरचा ठपका रद्द. विषय इथेच मिटवू."

"नाही मिटत," मुलगी म्हणाली. "डॉक्टरांनी केसपेपरवर ॲलर्जी लिहिलीय. उद्या त्याला हेच औषध लागलं तर कुणी देणार नाही. आधी ते खोडा. आणि सिस्टर, त्याला काय झालं ते तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर."

डॉक्टरने केसपेपरवरची ॲलर्जीची नोंद खोडली. सिस्टर कॉटशी उभ्या राहिल्या आणि खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. रुग्णाने ऐकून घेतलं. मग तो त्यांच्याशी न बोलता मुलीकडे वळला.

"मग उरलेले डोस कोण देणार?"

"मी," ती म्हणाली. तिचा आवाज अजून रागाने कापत होता. "आणि बाटली संपेपर्यंत मला इथून कुणीही हलवून दाखवावं."