पान एक्केचाळीसवरची पेन्सिल

मुलांनो, जरा एक टेबल डोळ्यांपुढे आणा. जुनं, जड, हलवायला दोन माणसं लागतील असं. त्याच्या डाव्या कडेला लाकूड झिजून उथळ खळगा पडलाय, वर्षानुवर्षं कुणी तिथे मनगट टेकलं असावं तसा. आता त्या टेबलाशी दहा वर्षांची एक मुलगी बसवा. ती पेन्सिली कुरतडायची, म्हणून तिचे आजोबा तिला खारुताई म्हणत. समोर तिची आई. दोघीही उजव्या हाताने लिहिणाऱ्या. एवढं ध्यानात ठेवा.

टेबल आईने बंद पडलेल्या एका छापखान्यातून स्वस्तात आणलं होतं; तिथल्या एक बाई त्यावर छापायच्या पानांतल्या चुका तपासत, असं विकणारा म्हणाला होता.

आईचं काम पुस्तिका लिहिण्याचं. नवीन यंत्राच्या खोक्यात कुठलं बटण कधी दाबायचं ते सांगणारी पुस्तिका निघते ना, तीच. या खेपेला श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची होती. तसंच एक यंत्र आतल्या खोलीत आजोबांच्या पलंगाशी दिवसभर घुरघुरत असे. त्याच्या स्क्रीनवर तीन बटणं: हिरवं ‘सुरू’, पिवळं ‘थांबा’ आणि लाल ‘बंद’. ‘थांबा’ दाबलं की हवा थोडा वेळ थांबायची आणि ‘सुरू’ दाबताच परत यायची. ‘बंद’ दाबलं की यंत्र पुरतं झोपायचं; त्याला पुन्हा जागं व्हायला दहा मिनिटं लागत. आजोबा हवेशिवाय दोन मिनिटं कशीबशी काढत. दहा नाही.

पुस्तिकेचा कच्चा मसुदा तिघा इंजिनिअरांनी वाटून लिहिला होता, आणि एकाच पिवळ्या बटणाला तिघांनी आपापली नावं ठेवली होती. कुठे ‘थांबा’, कुठे ‘विराम’, पुढे आणखी काही. पान नऊवरच्या बटणांच्या यादीत ‘थांबा’ होतं, म्हणून आई लाल पेन घेऊन सगळीकडे ‘थांबा’ करत बसली होती. खारुताई पानं मोठ्याने वाचून दाखवायची.

आजोबांना याची गंमत वाटे. ते मास्क जरा बाजूला करून नातीला म्हणाले, “बटणाला एक नाव हवं म्हणते तुझी आई. मला बघ, सकाळी बाबा, आणि गोळी चुकवली की अहो महाराज. मी ओ द्यायची तरी कशाला?”

तिसऱ्या दिवशी आईला पान बावीसवर पेन्सिलीची खूण दिसली. ‘विराम’भोवती बारीक गोल आणि समासात चार शब्द: ‘हे थांबा. पान नऊ.’ आईच्या नजरेतून ते सुटलं होतं. अक्षर निराळंच होतं. आधी लांब रेघ ओढून मग तिला अक्षरं टांगल्यासारखं. एक-दोन अक्षरं रेघेपर्यंत पोचलीच नव्हती.

“छान शोधलंस गं,” आई म्हणाली.

“मी नाही. मला वाटलं तूच.”

आईने घरातली एकुलती एक पेन्सिल उचलून पाहिली. तिच्यावर दातांच्या खुणा होत्या आणि टोक मोडलेलं होतं. मग ती हसली, म्हणाली, ऑफिसातच कुणीतरी केलं असेल. पण मसुदा तिने स्वतः घरी छापला होता, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्यानंतर खुणा रोज निघू लागल्या. प्रत्येक बरोबर. त्या खळग्यावर वह्या ठेवायचं आईने बंद केलं.

मग एका दुपारी तो प्रकार घडला. पहिली तीस पानं न्यायला ऑफिसचा माणूस आला. लिफ्ट बिघडलेली, म्हणून आई पाच मजले उतरून खाली गेली. पुढची पानं तिने अजून पाहिलीही नव्हती.

आत यंत्र कर्कश वाजू लागलं. नळीत पाणी साचलं होतं. एरवी ते आईच काढायची.

आजोबांनी खारुताईकडे पाहिलं. त्यांना बोलता येत नव्हतं.

ती धावत टेबलाशी गेली आणि ‘नळीतले पाणी’ असं लिहिलेलं पान शोधून घेऊन आली. पान एक्केचाळीस. पहिलीच ओळ होती: ‘प्रथम यंत्र बंद करा.’

तिचं बोट लाल बटणावर गेलं. टेकणार, तेवढ्यात दुसऱ्या हाताचा अंगठा पेन्सिलीच्या शिशाने काळा झालेला तिला दिसला.

अंगठ्याखाली ‘बंद’ या शब्दाभोवती गोल होता. समासात रेघेला टांगलेली अक्षरं: ‘हे थांबा. पान नऊ.’ या वेळी रेघ घाईने ओढलेली होती. कागद फाटेल इतकी दाबून.

तिने पिवळं बटण दाबलं.

नळी काढली. पाणी ओतलं. नळी लावली. हिरवं बटण.

घुरघुर सुरू झाली. आजोबांची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

आई धापा टाकत परतली तेव्हा नात आजोबांचा हात धरून बसली होती. आईने पान एक्केचाळीस वाचलं. नंतर तिने पुढची सगळी पानं तपासली. अकरा ठिकाणी ‘थांबा’ऐवजी ‘बंद’ होतं. अकराही ठिकाणी गोल केलेला होता. काम संपवून तिने टेबलाच्या खळग्याकडच्या रिकाम्या बाजूला दोन्ही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी खारुताईने पेन्सिलीला टोक करून कोऱ्या कागदावर चिठ्ठी लिहिली. ‘काकू, तुमच्यामुळे माझे आजोबा आहेत. तुमचे उपकार मी विसरणार नाही. आजी, तुम्ही इथेच राहा.’ आणि ती टेबलावर ठेवून गेली.

दुपारी परत आली तर चिठ्ठी तिथेच होती. ‘काकू’भोवती बारीक गोल होता. ‘आजी’भोवतीही. समासात रेघेला टांगलेले दोनच शब्द: ‘एक ठरव.’

तिने खळग्यावर तळवा ठेवून पाहिला. लाकूड कोमट होतं.

मग तिने खोडरबराने ‘काकू’ पुसलं आणि तिथे नीट अक्षरात ‘आजी’ लिहिलं. पेन्सिलीला पुन्हा टोक केलं, न चावता ती खळग्यात ठेवली, आणि शेजारच्या लिहिणाऱ्या हाताला कोपर अडू नये म्हणून आपली खुर्ची वीतभर उजवीकडे सरकवून अभ्यासाला बसली.