चार क्विंटलांची चोरी

गादी भाऊजींनी फाडली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे हुशारीच्या कितीही गोष्टी आल्या, तरी ती गोष्ट काही पुसली जात नाही.

त्या सकाळी वहिनींच्या कचेरीत कापूस संशोधन केंद्राचे डॉक्टर आले. वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे आपले भाऊजी, टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताखाली होते. निदान वहिनी तसं म्हणत. भाऊजी स्वतःला भागीदार समजत.

डॉक्टर औषधाचे नव्हते, कपाशीचे होते. खुर्चीच्या टोकावर बसून ते म्हणाले, "चोरी झालीय. चार क्विंटल कापूस गेला. आमच्या रखवालदाराचं काम आहे. उद्या संध्याकाळी त्याला कामावरून काढून पोलिसांत देतोय. तुम्ही फक्त पुरावा शोधा."

"पुरावा नाही, मग रखवालदाराचं काम कशावरून?"

"चाव्या त्याच्याकडे. सगळे घरी गेले की शेतावर तोच एकटा. बावीस वर्षं झाली त्याला, म्हणजे खाचाखोचा सगळ्या माहीत."

"आणि कापूस गेला हे कसं कळलं?"

आता डॉक्टरांना हुरूप आला. त्यांनी कागदावर एकाला एक चिकटून दोन चौकोन काढले. "हे एकेक एकराचे दोन तुकडे. मधे नुसता बोटभर बांध. ओळी दोन्हीकडे तेवढ्याच. इथे जुनी, विरळ लागवड. इथे माझी दाट लागवड, एका ओळीत दुप्पट झाडं. बियाणं दुप्पट लागतं, फवारणी आणि मजुरीही वाढते. पण एकरी उतारा बघा. तीन वर्षं जुना तुकडा आठ क्विंटलांवर अडलाय आणि नवा बारा देतोय. वरच्या चार क्विंटलांत जादा खर्च निघून शेतकऱ्याला चांगला नफा राहतो. म्हणून तर मी गावोगाव पुस्तिका वाटली."

"आणि यंदा?"

"यंदा नवा तुकडा आठावर आला."

"जुना?"

"तो बारा झाला. त्याला वर्ष मानवलं असेल," डॉक्टरांनी हात झटकला. "प्रश्न नव्या तुकड्याचा आहे. मोजण्यात चूक म्हणाल तर शक्यच नाही. यंदा मी विजेचा काटा आणलाय, ग्रॅमचाही फरक पडत नाही."

वहिनींनी वहीत चार आकडे लिहिले आणि उठल्या.

केंद्रावर पोचल्यावर त्या सरळ शेताकडे वळल्या. जाताना म्हणाल्या, "भाऊजी, रखवालदाराशी बोलून घ्या. नुसतं बोला."

भाऊजी बोलायला गेले खरे, पण डॉक्टरही सोबत आले होते आणि रखवालदाराच्या खोलीत कोपऱ्यात एक नवीकोरी, टम्म फुगलेली गादी होती. डॉक्टरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. भाऊजींच्या अंगात तपास संचारला. त्यांनी खिशातला चाकू काढला आणि गादी उभी चिरली.

जेवणाची सुट्टी होती. हे दोन तुकडे वेचून संपल्यावर आता दुसऱ्या शेतात वेचणीला लागलेल्या बाया बाहेर नळावर पाण्याला आल्या होत्या. वीस-पंचवीस जणी दारात येऊन उभ्या राहिल्या. कापूस जमिनीवर पडला तेव्हा डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "हा घ्या पुरावा."

रखवालदार गादीपाशी उभा होता. पन्नाशीचा, काटक माणूस. त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी चिमूटभर कापूस बोटांत चोळून पाहिला. "सरकी कुठाय यात? शेतातल्या कापसात बी असतं. ही पिंजलेली रुई आहे, आणि तीही जुनी, पिवळी पडलेली."

"दोन जुन्या गाद्यांची एक करून घेतली, बाई," रखवालदार म्हणाला. "लेक राहायला यायचीय. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

त्याची बायको खाली बसून कापूस गोळा करू लागली. भाऊजीही वाकले. "राहू द्या," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. भाऊजींना एवढी शरम यापूर्वी कधी वाटली नव्हती. त्यांनी चाकू मिटून खिशात टाकला. दारातल्या बाया एकेक करून निघून गेल्या, आणि डॉक्टर म्हणाले, "म्हणजे त्यानं कापूस दुसरीकडे ठेवलाय."

वहिनी तोवर दाराबाहेर पडल्या होत्या. त्या काट्यावरच्या कारकुनाकडे गेल्या.

काटा पंपघरात होता, जुन्या तुकड्याच्या टोकाला. कारकून काचेसारखा पुसलेला काटा आणखी पुसत होता.

"काटा इथेच असतो?"

"यंदापासून. विजेचा जोड फक्त पंपघरात आहे ना. जुना तागडीचा काटा तिकडे होता, पार पलीकडे, गोदामापाशी."

"म्हणजे नव्या तुकड्याच्या टोकाला?"

"हो."

"बाई झोळी घेऊन आली की कापूस कुठल्या तुकड्याचा हे कसं लिहिता?"

"विचारतो, आत्ता कुठं वेचत होतीस. ती सांगते तो तुकडा. तीन वर्षांत एक खाडाखोड नाही माझी," कारकून दुखावून म्हणाला. "हवं तर वही बघा."

"वही चांगलीच असणार," वहिनी म्हणाल्या.

बायांची मुकादम बांधावर बसली होती. गादीचा प्रसंग तिनंही पाहिला होता, त्यामुळे ती भाऊजींकडे पाठ करूनच बोलली.

"वेचणी कशी करता?" वहिनींनी विचारलं.

"कशी म्हणजे? एकेकीला एकेक ओळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, दोन्ही तुकडे धरून."

"सुरुवात काट्यापाशी?"

मुकादम हसली. "बाई, तुम्ही कधी झोळी बांधली नाहीत. रिकामं असताना लांब जायचं आणि काट्याकडे तोंड करून वेचत यायचं. कमरेला आठ-दहा किलो बांधून उलटं कोण चालेल?"

"झोळी थोडी भरली तर बांधावर ठेवून पुढे जात नाही?"

"आणि कुणी आपल्यात ओतून घेतली म्हणजे? मजुरी किलोवर आहे. ज्याची त्याची झोळी ज्याच्या त्याच्या कमरेला. भरली की काटा."

मग वहिनी वाळलेल्या कपाशीत शिरल्या. "भाऊजी, कापूस वेचला तरी बोंडाची टरफलं झाडालाच राहतात. दहा पावलांच्या ओळीतली मोजा. तीन ठिकाणी इकडे, तीन ठिकाणी तिकडे."

एरवी भाऊजींनी कुरकुर केली असती. आज ते गुपचूप मोजत राहिले. सगळी दुपार त्यात गेली. जुन्या तुकड्यात दहा पावलांना तीनशे ऐंशीच्या आसपास टरफलं निघाली, नव्यात तीनशे नव्वदच्या. झाडं दुप्पट होती, पण एकेका झाडावर बोंडं निम्मीच.

"बोंडांचा आकार?" वहिनींनी विचारलं.

"सारखाच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे डॉक्टरांच्या खोलीत जमले. टेबलावर रखवालदाराला काढल्याचा कागद तयार होता, फक्त सही राहिली होती. रखवालदार दाराशी उभा होता. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींनी आधी त्याला खुर्ची द्यायला लावली.

"चोरी झालेली नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, यंदाच्या दोन्ही तुकड्यांची बेरीज किती?"

"वीस."

"गेल्या वर्षी?"

डॉक्टरांनी मनात बेरीज केली. "वीस," ते थोड्या वेळानं म्हणाले.

"त्याच्या आदल्या वर्षीही वीस. शेतातून काही गेलंच नाही. वहीतले चार क्विंटल नुसते बांध ओलांडून गेले, आणि ते रखवालदारानं नेले नाहीत, बायांच्या झोळ्यांनी नेले."

भाऊजींना अजून कळलं नव्हतं, आणि तसं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. वहिनी त्यांच्याकडे बघून सावकाश सांगू लागल्या.

"बाई लांबच्या टोकाला सुरू करते आणि काट्याकडे वेचत येते. पहिला तुकडा संपतो तेव्हा कमरेला अर्धी झोळी असते. ती तशीच घेऊन ती दुसऱ्या तुकड्यात शिरते आणि तिथे भरते. काट्यावर कारकून विचारतात, आत्ता कुठं वेचत होतीस. ती खरं तेच सांगते, आणि सगळी झोळी दुसऱ्या तुकड्याच्या नावावर पडते. दर ओळीला, दर वेचणीला हेच होतं. म्हणजे काटा ज्या टोकाला, त्या तुकड्याचा उतारा जास्त. तीन वर्षं काटा गोदामापाशी होता, तेव्हा नवा तुकडा बारा. यंदा पंपघरात आला, तर जुना बारा."

"मग खरा उतारा?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्हीच मोजलात की. टरफलं दोन्हीकडे सारखी. दाट लागवडीनं खरंच दीडपट पिकलं असतं, तर नव्या तुकड्यात टरफलंही दीडपट दिसली असती. डॉक्टर, इथेही दहा आणि तिथेही दहा. दाट लागवडीनं काहीच वाढलं नाही, खर्च तेवढा वाढला."

कारकून आपल्या वहीकडे बघत राहिला. मुकादम हळूच म्हणाली, "आम्हाला ओळ दाखवली होती, साहेब. तुकडे वेगळे मोजायचेत हे कुणी सांगितलं नाही. दोन पोती बांधावर ठेवली असती, तर आम्हीच वेगळं केलं असतं."

"वेचणीच्या वेळी तुम्ही कधी शेतात उभे होतात?" वहिनींनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली, नाही म्हणून. त्यांचा चेहरा उतरला होता. टेबलावरचा कागद त्यांनी फाडला आणि तुकडे हातातच धरून ठेवले. मग ते रखवालदारासमोर येऊन उभे राहिले.

"माझं चुकलं. तुझी झडती बायांसमोर घेतली. त्यांच्यासमोरच माफी मागतो, उद्या सकाळी. नोकरी तुझीच आहे."

"आणि मी तुमच्या घरी येऊन मागतो," भाऊजी पुटपुटले. "वहिनींपुढे, म्हणजे तुमच्या मंडळींपुढे."

रखवालदाराला हायसं वाटायला हवं होतं. पण तो खुर्चीत आणखी आखडून बसला. डॉक्टरांकडे न बघता त्यानं विचारलं, "साहेब, दाट लावून खरंच काही वाढत नाही?"

"नाही."

"पहिल्या वर्षीसुद्धा नव्हतं?"

"नाही. मीच नीट पाहिलं नाही."

रखवालदारानं मान खाली घातली. मग म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाची चार एकर आहे. दोन वर्षं तो दाट लावतोय. तयार नव्हता तो. मी शपथ घालून लावायला लावली. म्हटलं, आमच्या साहेबांचा आकडा खोटा नसतो. पीक आल्यावर तो म्हणाला, दादा, उतारा काही वाढला नाही रे. तर मी त्यालाच बोललो, तू आळशी, तुझी मेहनत कमी पडते. त्याच्या बायकोसमोर बोललो. तेव्हापासून तो माझ्याकडे येत नाही."

डॉक्टरांनी हातातले तुकडे खिशात घातले आणि चप्पल पायात सरकवली.

"चल, आत्ताच जाऊ त्याच्याकडे. तुला काय सांगायचंय ते सांग, मी बरोबर आहे."

रखवालदार उठला, पण जागचा हलला नाही.

"रस्ता मी दाखवतो, साहेब," तो म्हणाला. "सांगायचं मात्र तुम्ही."