कारणाचा रकाना

उशिराच्या गर्भपाताचे अर्ज तपासणाऱ्या इचलकरंजीच्या गर्भमंडळाबाहेर बाकावर बसलेल्या बायकांकडून दारावरच्या कमलमावशी एकच वाक्य पाठ करून घ्यायच्या: "बाळाचे हाल होतील म्हणून." बायका ते पुटपुटत आत जायच्या. दुसरं काही बोललं की अर्ज परत यायचा.

गर्भदर्शी यंत्र आल्यापासून आईच्या रक्ताच्या एका थेंबावरून बाळाची व्याधी कळायची. चोवीस आठवड्यांनंतर कायद्याने गर्भपात बंद. फक्त यंत्राच्या यादीतल्या एक्केचाळीस व्याधींना मुदतच नव्हती. यंदा त्यात एक नियम वाढला. ज्या व्याधीचा अर्ज, ती व्याधी असलेलं एक माणूस मंडळावर हवंच.

म्हणून गिरिजा मगदूम आत आली तेव्हा समोर चाकाच्या खुर्चीत मृदुला खोत बसली होती. तिला ठिसूळ हाडांची व्याधी होती, यादीतली सतरावी. गिरिजाच्या पोटातल्या बाळालाही तेच होतं. सव्विसावा आठवडा चालू होता.

मंडळावरच्या डॉक्टर पाटोळ्यांनी कारण विचारलं. गिरिजाने मृदुलाकडे पाहिलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलंच नाही. आता असल्या माणसाच्या तोंडावर ते म्हणायचं तरी कसं?

मग ती खरंच सांगत सुटली. नवरा मारायचा. गेल्या आठवड्यात ती कशीबशी माहेरी पळून आली. मूल झालं की सासरचे दोघांनाही उचलून नेणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हाडांचं काय, ते तिने निभावलं असतं.

"हे लिहिलं तर अर्ज नामंजूर होईल, बाई," डॉक्टर हळूच म्हणाले. "रकाना फक्त व्याधीचा आहे."

मृदुलाला संताप आला, पण गिरिजाचा नाही. पाच महिने ती त्या वाक्याखाली सही करत होती आणि दरवेळी आपलंच नाव खोडल्यासारखं वाटून घरी जाऊन रडत होती. आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासमोर ते म्हणायचं टाळलं होतं. आणि तिने सही नाकारली, तर शिक्षा या बाईलाच होणार होती.

"ताई, तुम्हाला जड जात असेल तर राहू द्या," गिरिजा म्हणाली.

मृदुलाने पेन उचललं. रकान्यात सतरा आकडा लिहून सही केली. मग कागदाच्या कोपऱ्यात, जिथलं अर्ज तपासणारं यंत्र वाचत नाही तिथे, गिरिजाने सांगितलेलं सगळं बारीक अक्षरात लिहून काढलं. गिरिजा डोळे पुसत बाहेर गेली.

दाराबाहेर मावशी पुढच्या बाईकडून वाक्य घोकून घेत होत्या.

मृदुला म्हणाली, "डॉक्टर, तिच्या बाळाची हाडं धड असती, तर तिला आपण त्याच घरी परत पाठवलं असतं ना?"