बॅकअपला दिलेली पितरांची नावं

पटलं नाही तर सोडून द्या, पण हसू नका. हे खरोखर घडलंय. कुंभकोणमला, मेलकावेरीत, माझ्या मावसभावाच्या घरी. महालय अमावास्या होती. आणि रात्र नव्हे, भर दुपार.

मावसभाऊ हरिकृष्ण. कॉम्प्युटरवाला, हुशार, आणि हुशारीचा माज असलेला.

घरचे सगळे फोटो त्याच्या लिनक्स लॅपटॉपवर. त्यांच्या प्रती एका डिस्कवर, तीन फोल्डरांत. नवी प्रत आली की बाकीच्या एकेक घर मागे सरकायच्या, सगळ्यात जुनी पुसली जायची. जागा वाचावी म्हणून न बदललेला फोटो पुन्हा उतरवायचाच नाही. डिस्कवर तो एकच, तिन्ही फोल्डरांत फक्त त्याचं नाव.

आणि या शहाण्यानं फोल्डरांना नावं काय द्यावीत?

पिता. पितामह. प्रपितामह.

हीच नावं घेऊन त्याचे वडील, जानकीराम, नुकतेच कावेरीवर तर्पण करून आले होते. हरी तेव्हा नवी प्रत काढत होता. त्यांनी स्क्रीन पाहिली. चेहरा उतरला.

"हरी, मी जिता आहें न्हवे? मला कां पितरांत बसवलास?"

"अय्यो अप्पा, नुसतीं नांवें तीं!"

"आत्तां काढ."

"हें चाललें तें संपूं दे. मग काढतों."

अप्पा हॉलमधल्या झोपाळ्यावर जाऊन बसले. कड्या करकरू लागल्या.

नवे फोटो नव्हतेच. काम क्षणात संपायला हवं होतं.

पण डिस्क घरघरत राहिली...

एकच फोटो बदलला होता. अप्पांच्या साठीशांतीचा.

हरिकृष्णनं तो उघडला. अप्पा बसले होते ती मधली खुर्ची... रिकामी.

मागे भिंतीवर पितरांच्या तीन तसबिरी. पहिलीत अप्पा. हार घातलेले.

जुन्या प्रतींत तरी अप्पा असतील! पितामह उघडलं. खुर्ची रिकामी. प्रपितामह उघडलं.

रिकामी.

स्वयंपाकघरातून बायकोनं, चैत्रानं, हाक मारली. "अप्पांस बोलवा, पान वाढलें!"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं... करकर थांबली होती.

अप्पा झोपाळ्यावरच होते. डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, हृदय. मीही तेच म्हणत राहिलो.

बाराव्या दिवशी सपिंडी झाली. अप्पा पितरांत गेले, सगळ्यात जुने पितर रांगेतून सुटले. हरिकृष्णनं डिस्क हातोड्यानं फोडली. प्रती काढणं कायमचं बंद केलं.

गेल्या महिन्यात त्यानं मला बोलावून लॅपटॉप पुढे सरकवला. तोच फोटो होता.

खुर्ची आता रिकामी नव्हती. तिच्यात हरिकृष्ण बसला होता.

आणि खुर्चीमागे, पूर्वी तो उभा होता त्या जागी... त्याचा मुलगा कार्तिक.

फोटो काढला तेव्हा कार्तिक जन्मलाही नव्हता.

"दादा, आतां भिंतीवर कोण जाणार?" हरिकृष्णनं विचारलं.

मला खूप भीती वाटली. फोटोतल्या भिंतीकडे न बघताच मी लॅपटॉप मिटला. त्यानंतर त्या घरी गेलेलो नाही.