दीडशे अंश कमी

बाहेर बर्फ पडत होतं आणि भट्टीपाशी एक मुलगी कुडकुडत येर्बाच्या पानांचा काढा पीत होती – तोही बर्फाच्या पाण्यातला! बारीलोचेच्या त्या प्रयोगशाळेत भट्ट्या सांभाळणाऱ्या नेउएनने असला प्रकार जन्मात पाहिला नव्हता.

"वेड लागलंय का गं तुला?"

"कोरिएन्तेसची आहे मी, उकाड्याच्या मुलखातली. आमच्याकडे असाच पितात." तिने रुमालातून पेन्सिलीएवढी धातूची कांडी काढली. "मी इताती. आणि ही माझी दोन वर्षांची मेहनत, यंत्राच्या पात्यांसाठीचा नवा धातू. बाराशे अंशांत, वजन टांगून, हजार तास टिकायला हवी. टिकली तर इथे तीन वर्षांची नेमणूक... नाहीतर घरी."

"आणि माझ्या हातून पडली तर?"

"तर तिच्या जागी तुला टांगीन!"

ती हसली आणि नेउएन पुरता गारद झाला. त्याच नादात भट्टीची उष्णता मोजणाऱ्या तारेला त्याने भलत्याच रिळातली तार जोडली. त्याला पत्ताही लागला नाही.

मग इताती रोज यायची. येताना चीजचे छोटे गरम पाव आणायची.

"कांडीला बघायला येतेस की मला?"

"कांडी जास्त देखणी आहे."

"पण ती बोलत नाही."

"म्हणूनच तर!" म्हणायची, आणि पाव देताना बोटं अंमळ रेंगाळू द्यायची...

हजार तास भरले. कांडी तुटली नाही. इतातीने सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली. "उद्या अहवाल गेला ना, की तुला एक गोष्ट सांगायची आहे," ती कानाशी पुटपुटली.

संध्याकाळी भट्टी उघडताना त्याला ती तार दिसली. त्याने हिशेब मांडला, पुन्हा मांडला. यंत्र बाराशे दाखवत होतं, भट्टी मात्र दीडशे अंश कमी तापली होती. गप्प बसलं तर ती तीन वर्षं इथेच राहणार होती, कुणाला कळणारही नव्हतं. पण उद्या त्या धातूची पाती धडधडत्या यंत्रात बसणार, तिच्या आकड्यावर विसंबून कुणीतरी शेजारी उभं राहणार. त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

सकाळी त्याने तिला गाठलं. "अहवाल पाठवू नकोस, इताती. तार चुकली. माझीच चूक... मी तुझ्याकडे बघत होतो."

तिने खिशातून त्याच धातूची दुसरी कांडी काढली. "ही लाव. नीट."

सहाव्या दिवशी कांडी तुटली.

बस स्टँडवर तिने बॅग खाली ठेवली. "गप्प का नाही बसलास रे?"

"अहवालाखाली तुझं नाव होतं." तो अडखळला. "मला आवडतेस तू... फार. मीही येतो तुझ्याबरोबर."

"नको. तू आवडतोस, हेच मीही सांगणार होते त्या दिवशी. पण आता तुला पाहिलं की ते बेचाळीस दिवस आठवतील. सगळे खोटे."

"आपलं काही खोटं नव्हतं, इताती."

"माहीत आहे." तिचे डोळे भरून आले. "म्हणूनच तर सहन होत नाही."

बस निघून गेली. कामाची वेळ टळून गेली, तरी नेउएनला तिथून हलवेना.